कडी बाहेरून होती

यंदा मोह उशिरा गळायला लागला. होळी होऊन आठ-दहा दिवस उलटले तरी आमच्या परसामागच्या झाडाखाली नुसता पाचोळा होता. मग परवा सकाळी दार उघडलं आणि तो वास आत आला. जास्त पिकलेल्या फळाचा, ओल्या गुळाचा, आणि तळाशी किंचित आंबलेला. झाडाखाली फिकट पिवळी फुलं पडली होती. सून टोपली घेऊन वेचायला बसली. मला म्हणाली, "मामाजी, या ना, कवळं ऊन हाये." मी म्हणालो, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण न जाण्याचं कारण ते नव्हतं.

म्हातारपणी आठवणी पुसट होतात म्हणतात. माझ्याही झाल्या. लग्नात बायको कोणत्या रंगाचं लुगडं नेसली होती ते आता सांगता येत नाही. पण सोमा बुढ्याच्या दाराची कडी मला अजून जशीच्या तशी दिसते. धुरानं काळी पडलेली, मधले दोन दुवे झिजून पातळ झालेले, वरच्या कोयंड्यात घातलेली, आणि कुलपाऐवजी तीत खुपसलेली बाभळीची काडी. बाहेरून.

आमचं गाव आंधळगावपासून दोन कोसांवर. मी गावातल्याच धानाच्या गिरणीत मिस्त्री होतो. कोंड्याच्या भट्टीशी रोजचा संबंध, त्यामुळे आगीचं मला कळतं असा गावाचा समज झाला होता. तेव्हा घरं मातीची, वर कवेलू म्हणजे कौलं, त्यांच्याखाली बांबू, आणि घरामागे धानाच्या तणसीचे, पेंढ्याचे ढीग. उन्हाळ्यात एक ठिणगी पुरे. भंडाऱ्याहून बंब बोलवायचा तर आधी कोणीतरी सायकलनं आंधळगावला जाऊन फोन लावायचा, मग बंबानं त्या खडीच्या रस्त्यानं यायचं. तोवर गल्ली राख व्हायची. त्यात कोणाचा दोष नव्हता, अंतरच तेवढं होतं. म्हणून आम्ही आठ-दहा जणांनी आपलं आपण सुरू केलं. गिरणीतली रिकामी पोती, बादल्या, दोन शिड्या, आणि टोकाला लोखंडी आकडा बसवलेले लांब बांबू. चावडीपुढच्या कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगला होता. तो वाजला की हातातलं टाकून पळायचं.

गाव आम्हाला बादली पार्टी म्हणायचं. कोणाच्या चुलीचा धूर जरा जास्त झाला की शेजारीण ओरडायची, "विझव वो बाई लवकर, नाई तं बादली पार्टी येते अना घर खोलून जाते!" लग्नाच्या पंगतीत आम्हाला मुद्दाम भट्टीजवळ बसवायचे. "तुमी तिकडंच शोभता गा," म्हणायचे. आम्हीही हसायचो. आत कुठेतरी छाती फुगलेली असायची.

घर खोलून जाते, हे मात्र खरं होतं. आमची रीत तीच होती. जे पेटलं त्याच्यामागे पाणी वाया घालवायचं नाही. वारा कुठे चालला ते पाहायचं, त्या बाजूचं एक घर सोडून पुढच्या घरावर चढायचं, कवेलू उतरवायचे, बांबू आकड्यानं खेचून पाडायचे. आगीला खायला काही ठेवायचं नाही. मधलं घर आगीला देऊन टाकायचं. कोणतं घर द्यायचं हे मी ठरवायचो. तिशीतल्या माणसाच्या हातात एवढी सत्ता आली की त्याला तिचं वजन कळत नाही, फक्त उंची कळते.

त्या रांगेतल्या बादल्या आठवतात. बोडीच्या तळ्यापासून गल्लीपर्यंत माणसं उभी, हातातून हातात पाणी. बौद्धवाड्यातली माणसं, तेली, कुणबी, सगळी एकामागे एक. त्या घडीला कोणी कोणाच्या घागरीचा विटाळ पाहिला नाही. आग विझली की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाहत.

पहिल्याच वर्षी एक गोष्ट झाली. एका घराला आग लागली. घरची मंडळी लग्नाला गेलेली, दाराला बाहेरून कडी. गर्दीतून कोणी ओरडलं, "आंदर कोनी हाये का पाहा!" आमच्यातला सीताराम कडी काढून आत शिरला. आत कोणीच नव्हतं. बाहेर येताना छपराचं मयाल, आडवं लाकूड, त्याच्या मांडीवर पडलं. पाय वाचला, पण नांगर धरणं संपलं. त्या संध्याकाळी गिरणीच्या पटांगणात मी सगळ्यांना बसवून नियम केला. "पयले कडी पाहा. आतून असंल तं दार फोडा. बाहेरून असंल तं घर खाली हाये, आंदर जाचं नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. सीतारामही होता, पायाला फळ्या बांधून बसलेला. मला त्या नियमाचा अभिमान होता. एका माणसाच्या दुःखातून मी काही शिकलो असं मला वाटलं होतं.

मोहाच्या दिवसांत हा नियम लागू पडत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. आणि ते माझ्याच लक्षात यायला हवं होतं.

मोहाच्या दिवसांत गाव पहाटेच रिकामं व्हायचं. फूल रात्रभर गळतं, आणि ऊन चढायच्या आत, गुरं पोचायच्या आत ते वेचावं लागतं. बाया, पुरुष, पोरं, सगळी जंगलाच्या कडेला आपापल्या झाडाखाली. ज्यांना चालवत नाही ती म्हातारी माणसं घरी. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचं भान गेलं आहे ती उठून विहिरीकडे, बोडीकडे जातील, कुत्री शिरून भाकरी पळवतील, म्हणून जाताना दार ओढून बाहेरून कडी. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. म्हाताऱ्यांनाही नाही. माझी आई शेवटची दोन वर्षं अशीच घरात असायची. मी स्वतः कडी लावून निघायचो. आतून ती म्हणायची, "बेगीन ये गा वासुदेव." म्हणजे कडी बाहेरून असली तरी आत माणूस असतं, हे सगळ्या बादली पार्टीत कोणाला ठाऊक असेल तर ते मला होतं. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत मी विसरलो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या वर्षीचा मोह. सकाळचे आठ-नऊ झाले असतील. गिरणीत पट्टा बदलत होतो, तेवढ्यात रूळ वाजला. धावलो. पार्टीतले निम्मे लोक जंगलात होते. आलो ते पाच जण. पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला होता आणि गल्लीच्या टोकाला तणसीचा ढीग धडधडून पेटला होता. ढिगाला लागून असलेल्या पहिल्या दोन घरांच्या पाख्यांवर ज्वाळा आल्या होत्या. तिसरं घर सोमा बुढ्याचं.

सोमा बुढा सत्तरीचा. डोळ्यांत मोतीबिंदू, कान जड. मुलगा विटाभट्टीच्या कामावर दूर गेलेला. घरात सून यशोदा, आणि तिचा चार वर्षांचा मुलगा. बुढा दिवसभर ओट्यावर बसून दोऱ्या वळायचा. वाटेनं जाणाऱ्याला पावलांवरून ओळखायचा, कान जड असूनही. माझ्या बुटांना तो "गिरणी आली" म्हणायचा. ओट्यावर त्या सकाळी तो नव्हता. मला वाटलं, सुनेबरोबर गेला असेल. खरं सांगायचं तर मला तेवढंही वाटलं नाही. मी फक्त कडी पाहिली.

बाकीचे तिघं बादल्या घेऊन बोडीकडे पळाले. माझ्याबरोबर नामदेव होता. गिरणीत हमाल, बौद्धवाड्यातला, पार्टीतला सगळ्यात निधड्या छातीचा माणूस. तो दाराशी थांबला. त्यानं कडीला हात घातला होता, हे मी नीट पाहिलं आहे.

"मिस्त्री, आंदर पाहून घेऊ का एकडाव?"

"कडी दिसत नाई काय तुले? बाहेरून हाये."

"तरी बी. दोन मिंटं लागन."

"दोन मिंटात पुढची गल्ली जाते! सोड ते घर. शिडी लाव पलीकडं."

त्यानं हात काढला. त्या वेळी सोमा बुढ्याच्या घराला आग लागलेली नव्हती. छपरावर ठिणग्या पडत होत्या, एवढंच. दार उघडून, म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन, चावडीपर्यंत पोचवून परत येण्याइतका वेळ होता. मी नंतर कितीतरी वेळा ते अंतर चाललो आहे. वेळ होता.

वारा जोराचा होता, म्हणून एकाऐवजी तीन घरं सोडून आम्ही सहाव्या घरावर चढलो. कवेलू खाली फेकले, बांबू पाडले. मागून बाया घागरी घेऊन धावत आल्या. गल्लीतली पाच घरं गेली, बाकीची वाचली. लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते. तोंड काळं, भुवया जळलेल्या, कोणीतरी मला गुळाचं पाणी दिलं. आणि तेवढ्यात धूर पाहून जंगलातून धावत आलेली यशोदा समोर उभी राहिली. डोक्यावरची मोहाची टोपली तिनं वाटेत टाकली नव्हती. भान नसावं. मुलगा कडेवर. तिनं आपल्या घराकडे पाहिलंच नाही. आमच्याकडे पाहिलं. पाच घरं वाचवू न शकलेल्या पण गल्ली वाचवलेल्या माणसांकडे पाहावं तसं, भरवशानं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मामाजीले कुठं बसवलं?"

दुपारी तलाठी आणि पोलीस पाटील पंचनाम्याला आले. तलाठ्यानं सरळ विचारलं, "घरात माणूस होता तर बाहेर का काढला नाही?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला आठवतं, माझ्या ओठांवर राखेची चव होती. मी म्हणालो, "दाराले आतून कडी होती सायब. आवाज दिला, उघडलं नाई."

हे एक वाक्य. पण खोटं एकटं राहत नाही. तलाठ्यानं विचारलं, आतून कडी कशाला लावली असेल? आणि मी म्हणालो, "बुढा बिडी ओढे. सून रागावे म्हनून लपून ओढे. आग आंदरूनच लागली असंल."

तणसीचा ढीग आधी पेटला होता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दार जळून गेलं होतं, कडी राखेत होती, ढीगही राख झाला होता. कागदावर लिहिलं गेलं: आग सोमाच्या घरातून, त्याच्या बिडीनं, दार आतून बंद. खाली माझी सही आहे. सुंदर अक्षरात. माझं अक्षर चांगलं होतं.

नामदेव मागे उभा होता. यशोदा भिंतीला टेकून बसली होती. कडी तिनंच लावली होती, पहाटे, स्वतःच्या हातानं. मी काय बोललो ते तिला कळलं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. नामदेवही गप्प राहिला. त्याचा शब्द माझ्या शब्दापुढे टिकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि मी त्याच भरवशावर बोललो. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी नामदेव आपली बादली माझ्या ओट्यावर ठेवून गेला. मी म्हणालो, "काहून गा?" तो म्हणाला, "दुसरा पाहा मिस्त्री. माह्या हातानं आता कडी सोडवत नाई अना लावत बी नाई." गिरणीत आम्ही पुढे अकरा वर्षं एकत्र काम केलं. माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा. कोणाला काही सांगितलं नाही त्यानं, अखेरपर्यंत. गेल्या पावसाळ्यात तो गेला. मी खांदा द्यायला गेलो तर त्याच्या मुलानं आदरानं जागा करून दिली. त्याला काय माहीत.

त्या काळी काडीपेटी जपून वापरत. सकाळी ज्या घरची चूल आधी पेटे तिथून शेजारणी गोवरीवर विस्तव घेऊन जात. "इस्तू दे वो बाई," हे दिवसातलं पहिलं बोलणं असे. त्या उन्हाळ्यानंतर यशोदेच्या घरचा विस्तव कोणी नेला नाही आणि तिला कोणी दिला नाही. "त्या बुढ्यानं पाच घरं जाळली, त्या घरचा इस्तू नोको," असं उघड म्हणत. होळीला सगळे होळीचा निखारा घरी नेतात. ती आली की बाया वाट सोडत, मायेनं नाही. एकदा मी तिथं उभा होतो. एक म्हातारी तिला म्हणाली, "तुह्या सासऱ्यानं दिला तेवढा इस्तू पुरे झाला बाई आमाले." चार लोक हसले. यशोदा रिकामी गोवरी हातात घेऊन परत गेली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पाच पावलांवर होतो.

मी बोललो नाही, पण नियम बदलला. "कडी पाहू नका, परत्येक दार उघडा," असं पार्टीला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. ऐंशीनंतरच्या वर्षांत आम्ही आसपासच्या गावांतही जायचो. एका गावात असंच बाहेरून कडी लावलेलं दार उघडलं तर आत बाजेवर एक लुळी बाई. तिला उचलून आणलं. गावानं डोळे पुसले. पुढल्या सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. गुरुजी भाषणात म्हणाले, मिस्त्रींची नजर दाराआडचं पाहते. टाळ्या वाजल्या. बायांच्या घोळक्यात मागे यशोदा बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती का, हे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

वाचवलेली माणसं न वाचवलेल्याच्या जागी बसत नाहीत. मी पुष्कळ वर्षं तसा हिशेब करून पाहिला. ती लुळी बाई पुढे वीस वर्षं जगली, आणि मी त्या गावी गेलो की बाजेवरूनच हात जोडायची. दर वेळी मला वाटायचं, हिला सांगावं की तू कोणाच्या जिवावर जगतेस. पण ते तिला सांगून काय होणार होतं? सांगायचं होतं ते दुसऱ्यांना.

नामदेव गेल्यावर लक्षात आलं की कडीचं खरं माहीत असलेले आता आम्ही दोघंच उरलो. मी आणि यशोदा. आणि मी बोललो तर तिचंही उघडं पडणार. कडी तिनं लावली होती. म्हणून आधी तिला विचारायला हवं होतं. परवा मोहाचा वास आला, आणि काल सकाळी मी काठी घेऊन त्या गल्लीत गेलो. आता तिथं सिमेंटची घरं आहेत. यशोदा ओट्यावर मोह वाळवत होती. केस पांढरे, पाठ वाकलेली. मला पाहून तिनं पदर सावरला.

"या भाऊजी. बसा. पानी आनू?"

"नोको. यशोदा, मले त्या दिसाचं सांगाचं हाये. सगळ्यायले. कडी कुठून होती ते."

तिचे हात फुलांवर फिरत राहिले. मग म्हणाली, "म्याच लावली होती. तुमी आतून म्हनलं तवा मले बरं वाटलं, भाऊजी. वाटलं, चाला, आपल्यावरचं गेलं. सासरा मेला तेच्या दुपारी मले बरं वाटलं. हे कोनाले सांगू?"

"चूक माही होती. कडी तं सारेच लावत. म्याही लावत होतो माह्या मायले."

"थे मले ठाऊक हाये. तुमची माय आतून मले हाका मारे, पानी मागे." तिनं ओंजळीतली फुलं पसरली. "पन माह्या पोराले, भास्करले, म्या लहानपनी सांगतलं, तुह्या आजानं गल्ली जाळली. लोक म्हनत तेच म्या म्हनलं. थो अजून पितरात आजाच्या नावानं घास ठेवत नाई. गल्लीतल्या बुढ्या तं मेल्या साऱ्या. तेयले सांगून का करता? सांगाचं तं याले सांगा. म्या बसते बाजूले."

भास्कर शेतावरून आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आता पन्नाशीचा, टक्कल पडलेला, अंगानं त्याच्या आजासारखा रुंद. माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. तणसीचा ढीग आधी पेटला हे. बिडीचं मी रचलं हे. नामदेवानं कडीला हात घातला होता, मी तो काढायला लावला, हे. घर तेव्हा पेटलं नव्हतं, हेही. यशोदा मध्येच म्हणाली, "कडी म्या लावली होती, बापा."

मला वाटलं, तो चिडेल, हात उगारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यानं ओट्यावरचं एक फूल उचललं, बोटात फिरवलं, ठेवलं. मग एकच विचारलं.

"आजा आंदरून हाका मारत होता काय, मिस्त्रीबाबा?"

मी म्हणालो, "मले ठाऊक नाई, बापा. आमी कवेलू फेकत होतो. तेचाच आवाज लय होता."